कॉइलओव्हरच्या डॅम्पिंगचा नॉब ठाण्याच्या रस्त्यांवर काय करतो आणि काय करत नाही

गाडी पोलो जीटी टीएसआय. कॉइलओव्हरचा (उंची जुळवता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) सेट तैवानी बनावटीचा, मोनोट्यूब (एकाच नळीचा), प्रत्येक डॅम्परला, म्हणजे शॉकअपला, 30 क्लिकचा एकच नॉब. पुढे 5 किलो प्रति मि.मी.ची स्प्रिंग, मागे 4 ची. गाडी चारही कोपऱ्यांवर 30 मि.मी. खाली बसवलेली. रोजचा रस्ता घोडबंदर, माजिवडा, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड. सुट्टीच्या दिवशी पाम बीच आणि अटल सेतू. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा या सेटवर गेला आहे, म्हणून आता सविस्तर लिहिण्यात अर्थ आहे.

सेट चांगला आहे. पण गाडी खड्ड्यात आदळली की नॉब सैल करायचा, ही जी पद्धत सगळीकडे दिसते, ती अशा खाली बसवलेल्या गाडीत बहुतेक वेळा उलटी पडते. हा नॉब खड्ड्यांसाठी नाही. तो गाडीच्या अंगाच्या हालचालीसाठी आहे, म्हणजे डुलणं, ब्रेकवर नाक खाली जाणं, वळणावर कलणं, उंचवट्यानंतर हेलकावे घेणं.

कारण डॅम्परच्या आत आहे. तेलाला पिस्टनमधून जायला दोन वाटा असतात. एक पिस्टनवरच्या पातळ चकत्यांच्या चळतीतून, दुसरी शाफ्टमधल्या बारीक छिद्रातून. त्या छिद्रासमोर सुई असते आणि नॉब फिरवला की सुई पुढे-मागे सरकते. शाफ्ट हळू हलत असतो तेव्हा, म्हणजे सेकंदाला साधारण 5 ते 10 सेंटिमीटरपर्यंत, बरंचसं तेल त्या छिद्रातून जातं आणि नॉबचा फरक स्पष्ट कळतो. खड्ड्याची धार लागली की शाफ्ट त्याच्या कितीतरी पट वेगाने आत जातो. तेव्हा चकत्या वाकून मोठी वाट उघडते आणि छिद्र छोटं ठेवा की मोठं, फार फरक उरत नाही. सोसायट्यांमध्ये बोल्ट मारून बसवलेले ते अरुंद रबरी गतिरोधक 10 क्लिकवर जसे लागतात जवळजवळ तसेच 20 क्लिकवर लागतात, त्याचं कारण हे. उलट नियमाप्रमाणे बांधलेला रुंद गतिरोधक (भारतीय रोड काँग्रेसच्या मापात 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 25 च्या वेगासाठी) शाफ्ट हळू हलवतो. तिथे चार क्लिकचा फरकही जाणवतो.

मग खड्ड्यातला तो दणका येतो कुठून? बहुतेक वेळा बंप स्टॉपमधून, म्हणजे शॉकअप पूर्ण आत जाताना थोपवणाऱ्या शाफ्टवरच्या रबरी ठोकळ्यातून. कॉलर (स्प्रिंग ज्यावर टेकते ते आट्यांचं कडं) खाली फिरवून गाडी 30 मि.मी. बसवली की शॉकअपचा आत जाण्याचा प्रवासही 30 मि.मी.ने कमी होतो. आता नॉब सैल केला की गाडी खड्ड्यात जास्त खोल जाते, बंप स्टॉपवर जास्त वेळा आपटते आणि बसणाऱ्याला वाटतं, अजून कडकच आहे, अजून सैल करू. हे चक्र तोडायचं असेल तर आधी मोजा.

मोजायला एक केबल टाय पुरतो. पुढच्या डॅम्परचं रबरी बूट वर सरकवा, चकचकीत शाफ्टवर टाय घट्ट आवळा आणि सीलला टेकेल इतका खाली ढकला. पाटलीपाडा ते गायमुख अशी रोजच्या वेगाने एक फेरी मारून या. टाय जिथे थांबला तिथवर शॉकअप आत गेला होता. तो बंप स्टॉपच्या खालच्या कडेला भिडलेला किंवा त्यात घुसलेला असेल, तर नॉबला हात लावू नका, उंची बदला. उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत निदान 40 मि.मी. मोकळी जागा हवी. 5 च्या स्प्रिंगवर 40 मि.मी. म्हणजे 200 किलोचा जादा भार पेलण्याची सोय. पुढच्या एका चाकावर मुळातच सव्वातीनशे किलोच्या आसपास भार असतो, हे धरलं तर 200 हा आकडा मोठा नाही. उलट्या बनावटीच्या डॅम्परवर शाफ्ट झाकलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

ज्या सेटमध्ये खालचं ब्रॅकेट वेगळं फिरतं, त्यात उंची ब्रॅकेटनेच कमी करावी आणि कॉलर स्प्रिंगला जेमतेम काही मि.मी. दाब देईल इतकीच ठेवावी. तसं केलं तर प्रवास वाचतो. मात्र टायर कमानीच्या आतल्या अस्तराला घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तपासायला हवं. कॉलरने दाब वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजांतूनही ऐकू येतो. सरळ, एकसारख्या स्प्रिंगची कडकपणाची किंमत दाबाने बदलत नाही; 5 ची 5 च राहते, फक्त गाडी वर उचलली जाते.

पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, त्यामुळे मागची स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळ्या जागी. उंची स्प्रिंगखालच्या कपाने ठरते, डॅम्परची लांबी स्वतंत्र. फिटिंग करताना या लांबीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळलं की स्प्रिंग तिच्या जागेत सैल होता कामा नये. सैल झाली तर मोठ्या खड्ड्यानंतर ती तिरकी बसते आणि टण्णकन आवाज येतो.

आता प्रत्यक्ष नॉब. क्रम असा ठेवा: उंची, मग तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंग बसू द्या, हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत चारही मापं पुन्हा घ्या, मग अलाइनमेंट, मग टायरमधली हवा, आणि सर्वांत शेवटी डॅम्पिंग. गाडी बसवली की पुढच्या चाकांचा ऋण कॅम्बर (वरची कड आत झुकणं) वाढतो आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतो. अलाइनमेंटशिवाय नॉब जुळवत बसलात तर गाडी टोमुळे भटकतेय की डॅम्पिंगमुळे, हे कळणार नाही. हवेचंही तसंच. दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे झाले की दोन क्लिकचा फरक त्यात बुडून जातो. गार टायरवर 33 धरून सगळी तुलना करतो.

मोजणी नेहमी कडक टोकापासून करा. घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने नॉब थांबेपर्यंत फिरवा आणि तिथून मागे क्लिक मोजा. थांबल्यावर जोर लावायचा नाही, सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. सैल टोकापासून मोजणं अविश्वसनीय, कारण एका डॅम्परला एकूण 30 क्लिक निघतात तर दुसऱ्याला 31 किंवा 32. एका एक्सलवरची डावी-उजवी बाजू नेहमी सारखी. क्लिकचा परिणामही एकसमान नसतो. कडक टोकाजवळचे पहिले सात-आठ क्लिक प्रत्येकी खूप काही बदलतात, शेवटच्या आठ-दहांत काही कळेनासं होतं.

सुरुवात मधोमध, पुढे-मागे 15 वर. मग एकच रस्ता, एकच वेग, एका वेळी एकच एक्सल, तीन क्लिकच्या पायरीने. ऐरोली पुलाचे सांधे यासाठी उत्तम, एकामागून एक ठरावीक अंतरावर येतात. सांधा गेल्यावर गाडी वर येते, जागेवर बसते आणि तिथेच थांबते, तर ठीक. अजून एक-दोन हेलकावे घेत असेल तर सैल आहे. आणि सांध्यामागून सांधा लागत असताना गाडी हळूहळू खाली खाली बसत चालल्यासारखी, शेवटी शेवटी दगडासारखी लागली, तर रिबाउंड (शॉकअप परत बाहेर येतानाचं डॅम्पिंग) जास्त कडक आहे. एक धक्का गेल्यावर शॉकअप पूर्ण बाहेर येण्याआधी दुसरा धक्का येतो आणि प्रवास खाल्ला जातो. माजिवड्याजवळच्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यांवर हे लक्षण लगेच दिसतं. या नॉबने कॉम्प्रेशनपेक्षा (आत जातानाच्या डॅम्पिंगपेक्षा) रिबाउंडच जास्त बदलतो, म्हणून हे कायम लक्षात ठेवावं लागतं. बोनेट दाबून सोडण्याची ती जुनी तपासणी फक्त शॉकअप मेलाय की जिवंत आहे इतकंच सांगते, सेटिंग तिच्यावरून ठरत नाही.

माझ्या गाडीवर पक्के झालेले आकडे, सगळे पूर्ण कडकपासून मागे मोजलेले: ठाण्यातल्या रोजच्या वापराला पुढे 16, मागे 19. पाम बीच, अटल सेतूवर (तिथे मोटारींना 100 ची मर्यादा आहे) पुढे 12, मागे 15. पावसाळ्यात शहरातल्यापेक्षा आणखी दोन क्लिक सैल, दोन्हीकडे, कारण ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहणं सर्वांत महत्त्वाचं. मागे 8 च्या आत नेऊन पाहिलं तर मागची चाकं खडबडीत जागी टणाटण उडतात आणि तिथेच ब्रेक लावला की एबीएस वेळेआधी जागा होतो. हे धोक्याचं आहे. दिसायला कडक, चालवायला कच्ची अशी गाडी होते. हे आकडे दुसऱ्या सेटवर जसेच्या तसे चालणार नाहीत. घ्यायचं असेल तर पुढे-मागेमधलं तीन क्लिकचं अंतर आणि शोधण्याची पद्धत घ्या.

सगळं पूर्ण सैल ठेवून मजेत फिरणारेही आहेत. तेही बरोबर नाही आणि त्यामागे साधं गणित आहे. लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगचा कडकपणा आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर डॅम्पिंग सुमारे 1.4 पट हवं. सव्वातीनशे किलोच्या कोपऱ्यावर 5 ची स्प्रिंग सेकंदाला सुमारे 1.95 हेलकावे घेते. मऊ, कंपनीच्या धर्तीच्या स्प्रिंगवर हाच आकडा सव्वाच्या आसपास असतो. हे वेगवान हेलकावे आवरायला कोणी नसेल तर कळव्याहून मुंब्रा बायपास चढताना ट्रकांनी पाडलेल्या लाटांवर गाडी नाचते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. त्याच नियमाने, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर मागचा नॉब तीन क्लिक कडक करावा. हे आणि वर दिलेले बदल सोडले तर मागच्या नॉबला हात न लावलेलाच बरा. माझ्या सेटमध्ये तो चाकाच्या कमानीत आत दडलेला आहे, चाक काढल्याशिवाय पोचता येत नाही. चाक परत लावताना पोलोचे बोल्ट 120 न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानेच आवळा. पुढचा नॉब बोनेटखाली टॉप माउंटच्या (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणाऱ्या भागाच्या) टोपीखाली लगेच मिळतो.

पावसाळ्याने काय केलं, ते सांगायलाच हवं. मेट्रोच्या कामाची माती आणि सिमेंट मिसळलेला चिखल कॉलरच्या आट्यांत बसून वाळतो आणि मग सी-पाना (कॉलर फिरवायचा आकडीदार पाना) लावला तरी कॉलर हलत नाही. अशा वेळी हातोडी मारू नका, ॲल्युमिनियमची कॉलर फुटते. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, पाण्याने धुऊन कोरडे करा, मग फिरवा. पावसाआधी आट्यांवर अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात आणि वर जुन्या सायकल ट्यूबची बाही चढवली तर हे टळतं. शाफ्टवर मात्र ग्रीस अजिबात नको, धूळ चिकटून सील कापलं जातं.

पाऊस संपता संपता पुढच्या पिलो-बॉल (रबराऐवजी धातूचं गोल बेअरिंग असलेल्या) टॉप माउंटमधून स्टिअरिंग फिरवताना कुरकुर सुरू झाली. पाणी आणि बारीक रेती आत गेली की हे होतंच. साफ करून, सुकवून काही काळ थांबते, पण शेवटी बेअरिंग बदलावं लागतं. शहरातल्या वापरासाठी रबरी टॉप माउंटचा पर्याय असेल तर तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. छोट्या धक्क्यांवर खडखड येत असेल तर आधी टॉप माउंटचं मधलं नट आणि लॉक कॉलर तपासा, मग अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांडीची) लिंक रॉड. बसवलेल्या गाडीत कंपनीची लिंक तिरकी पडते आणि तिचा बॉल लवकर झिजतो. लांबी जुळवता येणारी लिंक घेतली की प्रश्न मिटतो.

मागच्या एका डॅम्परच्या सीलभोवती तेलाची ओल दिसू लागली आहे. पातळ ओलसर थर चालतो, धूळ त्यावर चिकटून काळी कड दिसते इतकंच. थेंब ओघळू लागला, किंवा नॉब फिरवून काही फरकच पडेनासा झाला, तर डॅम्पर उघडून सील, तेल आणि नायट्रोजन नव्याने भरणं आलं. म्हणून सेट घेताना सुटे सील आणि शाफ्ट इथे मिळतात का आणि मोनोट्यूबमध्ये गॅस भरून देणारं दुकान जवळपास आहे का, हे किमतीच्या आधी विचारा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर लेखीच घ्या, आणि मूळ स्प्रिंग, शॉकअप, टॉप माउंट, बंप स्टॉप सगळं नाव लिहून जपून ठेवा.