कार्ब्युरेटर की इंजेक्शन: हिवाळ्यात डोंगरात सेस्ना १७२ नेताना

बारामतीत किंवा दुसरीकडे लायसन्स मिळवून कोलोरॅडोला तास भरायला किंवा माउंटन फ्लाइंगचा कोर्स करायला निघालेल्या पुण्याच्या पायलटपुढे एक प्रश्न हमखास येतो. भाड्याने १९७७ ते १९८० दरम्यानची, कार्ब्युरेटरने (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाने) चालणारी सेस्ना १७२ एन घ्यायची, की इंधन थेट सिलिंडरपाशी फवारणारी इंजेक्शनवाली १७२ एस? एन स्वस्त पडते आणि हाताळायला दोन्ही जवळपास सारख्याच. जी१००० या डिजिटल पॅनलच्या पडद्यांवरून मात्र निर्णय घेऊ नये. त्यावरचं रडारचं चित्र पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं, आणि हिमवर्षावाच्या दोन सरींमधली फट तेवढ्या वेळात बुजलेली असते. हवामान अचानक बिघडलं तर इंजिन कसं वागेल, हे पाहून निवड करावी.

आधी एक समज दूर करू. एसचं इंजिन १८० हॉर्सपॉवरचं आणि एनचं १६०चं, म्हणून एस जास्त जोमाने चढेल, असं वाटतं. पण एस वजनदार आहे. रिकामं वजन एनचं साधारण १,४५० पाउंड धरलं तर एसचं १,६८०च्या आसपास भरतं. दोघे जण, तीस गॅलन इंधन आणि थोडं सामान मिळून दोन्हींत ५४० पाउंड चढवले, तर प्रत्येक हॉर्सपॉवरमागे एनला १२.४ आणि एसला १२.३ पाउंड ओढावे लागतात. म्हणजे कोरड्या, स्वच्छ हवेत दोघी बरोबरीच्याच.

फरक पडतो तो एनमध्ये कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा सोडणारी, नॉब ओढल्यावर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणून १०,००० फुटांवर एनच्या १६०पैकी ११२च्या आसपासच हाताशी उरते. कार्ब हीटने ती आणखी पंधरा टक्क्यांपर्यंत घटू शकते, म्हणजे राहते सुमारे ९५. एसची त्याच उंचीवर १२६च्या आसपास असते. ओल्या बर्फाने एअर फिल्टर बुजला तर इंजिनच्या ओढीने एसचं स्प्रिंगवालं आल्टरनेट एअरचं (पर्यायी हवेचं) झाकण आपोआप उघडतं. तेव्हा फुल थ्रॉटलवर साधारण दहा टक्के जातात आणि ११३ उरतात. पुन्हा भागाकार करा: एनला हॉर्सपॉवरमागे २१ पाउंड, एसला वाईटात वाईट स्थितीत २०च्या जरा आत आणि झाकण बंद असेल तर साडेसतराच. हा फरक नेमका तेव्हा दिसतो, जेव्हा समोरची कडा वर सरकत असते.

माझा कौल ठरला तो या आकड्यांपेक्षाही त्या नॉबच्या एका त्रासामुळे. व्हेंचुरीत, म्हणजे कार्बच्या अरुंद गळ्यात, बर्फ साचला की टॅको, म्हणजे इंजिनाचा आरपीएम दाखवणारा काटा, हळूहळू उतरतो. उंची धरून ठेवायला थ्रॉटल पुढे सारत असाल तर ते लवकर लक्षातही येत नाही. नॉब ओढली की आरपीएम आणखी खाली येतो आणि इंजिन खडखडायला लागतं, कारण वितळलेलं पाणी आता इंजिनातून जात असतं. बर्फ बराच साचला असेल तर हे अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्तही चालतं. मग आरपीएम वर येतो. समतल मुलखात हा काळ निभावून जातो. अरुंद दरीत, खालच्या ढगांखाली, मागे वळायचं की नाही हे ठरवत असताना इंजिन असं कुंथायला लागलं की हात आपसूक नॉब परत आत ढकलायला जातो, आणि तीच घोडचूक होते. कार्बच्या तापमानाचा गेज नसेल तर हीट एक तर पूर्ण ओढायची किंवा पूर्ण आत ठेवायची; अर्धवट हीटने कोरडे बर्फकण वितळून पुन्हा कार्बमध्ये गोठू शकतात. हीट लावल्यावर गरम, विरळ हवेमुळे मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) रिच होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं, म्हणून ते पुन्हा लीन, म्हणजे कमी इंधनाचं, करायला विसरू नका. दहा हजारांवर त्याचा फरक कानाला कळतो. थ्रॉटल कमी करून टॅकोचा काटा हिरव्या पट्ट्याखाली न्यायचा असेल, तर हीट आधी ओढावी.

इथे पुणेकरांची गल्लत होते. कार्बमधला बर्फ म्हणजे कडाक्याची थंडी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धोका सर्वांत जास्त २१ अंशांखालच्या दमट हवेत असतो. डिसेंबरात सकाळी नदीवर धुकं असताना पुण्यात पारा १२ अंशांवर असतो. कार्बसाठी ती हवा कोलोरॅडोतल्या लेडव्हिलच्या उणे पंधरापेक्षा वाईट, कारण तिथली कोरडी हवा ओल जवळजवळ धरतच नाही. कोलोरॅडोतही खरी भीती शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फाची. त्यामुळे अंदाजात कोरडी, स्वच्छ थंडी असेल तर एनला नावं ठेवायचं कारण नाही.

इंजेक्शनचीही कटकट आहे, ती लपवत नाही. इंजिन बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करताना तापलेल्या नळ्यांत इंधनाची वाफ होते. तेव्हा प्राइम करू नका, म्हणजे आधी इंजिनात जादा इंधन सोडू नका. मिक्श्चर कट-ऑफ (इंधन बंद), थ्रॉटल पाव इंच उघडा, स्टार्टर फिरवा आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर सावकाश रिच करा. एप्रिलमध्ये बारामतीला यानेच घाम फुटतो. बर्फाळ धावपट्टीवर हा त्रास कमी, पण तिथे बॅटरी थंड असते आणि तीन-चार प्रयत्नांत दम तोडते. दुसरं म्हणजे इंधनात पाणी आहे का ते पाहायला एसला तेरा ड्रेन आहेत, दोन्ही पंखांना पाच-पाच आणि पोटाखाली तीन. उणे दहात बोटं बधिर होत असताना ते सगळे तपासावे लागतात. पाणी गोठून ड्रेनमधून काहीच आलं नाही, तर ‘पाणी नाही’ असा अर्थ काढू नये.

थंड इंजिन सुरू करताना एसमध्ये पंप चालू करून फ्युएल फ्लो स्थिर दिसेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच सेकंद, मिक्श्चर रिच ठेवा, मग कट-ऑफ. एनमध्ये प्राइमरचे दोन ते सहा स्ट्रोक द्या, पण थ्रॉटल पंप करू नका, त्याने इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) आग लागू शकते. ती लागलीच तर स्टार्टर फिरवत राहून ती आत ओढून घ्यावी लागते. इंजिन दोन-चार ठोके देऊन बंद पडलं तर प्लगवर दव गोठलेलं असू शकतं आणि त्याला प्रीहीटशिवाय, म्हणजे इंजिन आधी बाहेरून तापवल्याशिवाय, इलाज नाही. एनचं ओ-३२०-एच२एडी इंजिन कॅम आणि लिफ्टरच्या झिजेसाठी बदनाम आहे. ही इंजिनं बनवणारी लायकमिंग बाकीच्या इंजिनांना उणे १२ अंशांखाली प्रीहीट सांगते, पण या मालिकेला उणे ६-७पासूनच. भाड्याने देणारा टाळाटाळ करत असेल तर विमान घेऊ नका. ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी, नळीही दोन्हींत पाहा; ती गोठली तर क्रँककेसचा दाब पुढचं सील फोडून तेल बाहेर फेकतो.

पंखांवरच्या बर्फाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच असहाय. कुठलीही १७२ आयसिंगमध्ये उडायला प्रमाणित नाही, वेग मोजणारी नळी तापवणारी पिटो हीट हा बचाव नाही, आणि पंखावरचं गोठलेलं दव खरवडल्याशिवाय निघायचं नाही. कड्यांवरचा वारा २५ नॉटवर असेल तर जमिनीवरच थांबलेलं बरं.

दरीत शिरताना वाऱ्याने हवा वर ढकलली जाते त्या बाजूच्या उताराजवळून चला. हडपसरला ग्लायडर उडवलेल्यांना हे अंगवळणी असतं. तिथून वळायला दरीची पूर्ण रुंदी मिळते आणि वळण वाऱ्याच्या तोंडात जातं. १०,००० फुटांवर वेगमापकावर ९० नॉट (इंडिकेटेड) आणि ३० अंश बँकला, म्हणजे तेवढं विमान तिरकं केल्यास, वळणाचा व्यास हजार मीटरच्या थोडा वर जातो. ७० नॉट आणि दहा अंश फ्लॅप्सला तो सव्वासहाशेच्या आत येतो. म्हणून आधी वेग कमी करा, मग वळा. एनमध्ये याच वेळी कार्ब हीट, मिक्श्चर आणि खडखडाट यांचंही पाहायचं असतं. एसमध्ये हात वळणासाठी मोकळे राहतात.

पैसे मोजून खर्च करायचे असतील, इन्स्ट्रक्टर सोबत असेल आणि पॅनलवर कार्बच्या तापमानाचा गेज असेल, तर एन घेणाऱ्याला मी अडवणार नाही. एकट्याने, ओल्या बर्फाच्या दिवसांत, रोलिन्स पाससारख्या सुमारे ११,७०० फुटांवरच्या खिंडीकडे जायचं असेल तर मी एसचंच भाडं भरतो. घेण्याआधी मेकॅनिककडून आल्टरनेट एअरचं ते झाकण हाताने ढकलून दाखवून घ्या. स्प्रिंग गंजून अडकलेली असेल तर एसचा हा सगळा फायदा गेला.