पुणे ते गोवा इलेक्ट्रिक गाडीने: घाटावरून जावं की कोकणातून?

दिवाळी जवळ आली की मामेभावाचा फोन येतो. यंदा प्रश्न वेगळा होता. नवी इलेक्ट्रिक गाडी, ४० युनिटची बॅटरी, बरोबर मामा-मामी आणि दोन मुलं. "दादा, कोल्हापूर-आंबोलीवरून जाऊ की ताम्हिणी उतरून कोकणातून?" एवढ्याच बॅटरीच्या गाडीने दोन्ही रस्ते मी केले आहेत, म्हणून त्याला सांगितलं ते इथेही लिहितो.

कोल्हापूरमार्गे पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर, माणगाव-चिपळूणमार्गे पाचशेच्या आसपास. हा फरक मी फारसा धरत नाही. मी एकच बघतो: ठरवलेला चार्जर बंद निघाला, तर उरलेल्या चार्जवर पुढचा गाठता येतो का?

या हिशेबात घाटावरचा रस्ता सरस. सातारा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात एक चार्जर बंद असला तरी दुसरा आवाक्यात असतो. पुण्याहून १०० टक्क्यांवर निघालात तर कोल्हापूर जेमतेम गाठता येईल, पण तसं करू नका. कराडला थांबा. तिथे तीसेक टक्के उरलेले असतात आणि बॅटरी २० ते ८० टक्क्यांतच भराभर चार्ज घेते. ८०च्या पुढे वेग एकदम पडतो. आणखी एक. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं असतं, पण दोन गन (गाडीला जोडायच्या केबल) असतील तर दुसरी गाडी लागताच पॉवर बहुतेकदा अर्ध्यावर येते. स्क्रीनवर ५०चा आकडा २५ झाला की अर्ध्या तासाचा थांबा तासाभराचा होतो. मोकळा चार्जर दिसला तर दहा मिनिटं लवकर थांबलेलं बरं.

कोल्हापुरात मात्र ८५-९० टक्के करूनच निघा. निपाणी सोडून आजऱ्याकडे वळलात की सावंतवाडीपर्यंत चार्जर विरळ आहेत. आंबोली उतरताना रीजनमुळे, म्हणजे उतारावर वेग आवरताना मोटर बॅटरीत वीज परत भरते त्यामुळे, थोडं परत मिळतं, खरा हिशेब येतानाचा. भरलेली गाडी सहाशे मीटर वर चढवायला तीन-साडेतीन युनिट जास्तीची लागतात, म्हणजे वीसेक किलोमीटरची रेंज गेलीच म्हणून समजा. या रस्त्यावर दुसरा धोका वेगाचा. माझी गाडी ताशी ९०ला एका युनिटात सहा किलोमीटर देते, ११०ला पाचसुद्धा देत नाही. सरळ रस्ता दिसला की पाय दाबला जातोच, म्हणून मी क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) ९०वर लावून टाकतो.

कोकणातल्या रस्त्यावर वेग आपोआप ६०-७०च राहतो आणि गाडी युनिटला सात किलोमीटर देते. वाहतूक तुंबली तरी घाबरू नका, उभ्या गाडीत एसी तासाला साधारण एक युनिट खातो. अडचण चार्जरची. एका पावसाळ्यात हातखंब्याच्या पुढे रात्री आठला मी एका चार्जरवर पोचलो, तर स्क्रीन काळी. गावातलीच लाइट गेलेली. गाडीत १९ टक्के, मागच्या सीटवर आई. एसी बंद करून ताशी ५०ने एका खाणावळीपर्यंत आलो. तिथे लाइट होती. मालकाने फ्रीजचं सॉकेट दिलं, पण अर्थिंग नसल्याने गाडी चार्जच घेईना. शेवटी शेजारच्या घरातून वायर ओढली. वायर गरम होते का ते दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघत मी तीन तास बसलो होतो. आई तेव्हा एका शब्दाने बोलली नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

तरीही कोकण मी टाळत नाही, फक्त एका दिवसात करत नाही. पुण्याहून सकाळी निघून चिपळूणला मुक्काम. ताम्हिणीचा उतार मिळत असल्याने तिथे पाव बॅटरी शिल्लक असते. १५ अँपियरच्या सॉकेटवर दहा तासांत २५ ते ३० युनिट भरतात, म्हणजे सकाळी गाडी जवळजवळ फुल. मग पणजीपर्यंत कणकवली-कुडाळच्या टप्प्यात एकच फास्ट चार्जिंग पुरतं. मात्र खोली बुक करण्याआधी लॉजवाल्याला फोन करून विचारा: गीझरसारखं मोठं सॉकेट पार्किंगपर्यंत आहे का, अर्थिंग आहे का, रात्री लाइट जाते का. "सगळं आहे, या तुम्ही" एवढ्यावर समाधान मानू नका. सॉकेटचा फोटो मागवा.

खर्च दोन्हीकडे सारखाच. घरचं चार्जिंग स्वस्त, बाहेरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे साधारण वीस-पंचवीस रुपये पडतात. पेट्रोलच्या निम्म्यात काम होतं.

मामेभावाला मी कोल्हापूरच सांगितलं. मामांचे गुडघे दुखतात, मुलांना दर दोन तासांनी उतरावं लागतं आणि एका दिवसात पोचायचं आहे. तो एकटा असता आणि हाताशी दोन दिवस असते, तर चिपळूणच्या लॉजचा नंबर दिला असता. परत येताना सावंतवाडीतच ७० टक्के करून मग आंबोली चढ, हे मात्र दोनदा बजावलं.