द्राक्षबागेत थ्री-जी राउटर: काही महिन्यांनंतर (५ पैकी ३ तारे)

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बागेत हवामान केंद्र आहे. तापमान, आर्द्रता, पान किती वेळ ओलं राहिलं, हे आकडे दर दहा मिनिटांनी मोबाइलवर येतात आणि डावणी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी त्यावरून ठरते. हे आकडे पाठवायला एमजी रोडवरून जुना थ्री-जी राउटर स्वस्तात उचलला. खोक्यावर ७.२ एमबीपीएस वेग छापलाय, त्याचा या कामाशी काडीचाही संबंध नाही. आकडे बिनबोभाट येतात.

कुरकुर आहे ती याच राउटरवरून चालणाऱ्या पंपाची. ॲपमध्ये चालू-बंदचं एकच बटण, ते दाबलं की दोन-तीन सेकंद सामसूम. बागेवरचे अण्णा पुन्हा दाबतात, मोटर चालू होऊन लगेच बंद! यात राउटर बिचारा निर्दोष. थ्री-जीत टॉवरवर असतो नोड-बी, म्हणजे फोनशी रेडिओवर बोलणारं यंत्र, पण रेडिओ जोडणी द्यायची की काढायची हे ठरवतो मागे बसलेला आरएनसी, म्हणजे रेडिओ नेटवर्कचा नियंत्रक, ज्याच्या हाताखाली बरेच टॉवर असतात. राउटर जरा गप्प बसला की तो जोडणी काढून घेतो. परत हवी तर सगळे निरोप पहिल्यापासून. २००१ मध्ये जपानात ही सेवा सुरू झाली तेव्हा वेग ३८४ केबीपीएसपर्यंत होता. पुढे एचएसडीपीए हे थ्री-जीचं वेगवान रूप आलं. डेटा कुणाला कधी द्यायचा हे नोड-बीच दर २ मिलिसेकंदांनी ठरवू लागला आणि वेग कुठल्या कुठे गेला. जोडणीचा कारभार मात्र आरएनसीकडेच राहिला. फोर-जीने तो आरएनसीच काढून टाकला.

दुसरी गंमत शनिवार-रविवारच्या संध्याकाळची. गंगापूर धरणाकडे वायनरीची गर्दी झाली की राउटरचा निळा दिवा हिरवा होतो, म्हणजे टू-जी. थ्री-जीत सगळे एकाच ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, फक्त कोड वेगळे. एकाचं बोलणं दुसऱ्याला गोंगाट. गर्दी वाढली की टॉवरची पोच आक्रसते आणि आमच्यासारखे कडेचे आधी गळतात. याला सेल ब्रीदिंग म्हणतात. आकडे तरीही येतात, टू-जीवरून.

आज घ्यावा का? नको. जिओने थ्री-जी उभारलंच नाही, एअरटेलने केव्हाच गुंडाळलं, सिमपासूनच अडचण. फोर-जी नसेल तिथे टू-जीवर उतरणारा राउटर बघा, अँटेना पत्र्याच्या शेडबाहेर काढता येईल असा. आणि पंपाच्या ॲपमध्ये चालू-बंदची बटणं वेगळी हवीत.