खाण्यासाठी दोन दिवस: बेळगावहून मुंबई गाठावी की बंगळूर?

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर बेळगावच्या एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला बंगळूर, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर. रात्री जेवून स्लीपर बसमध्ये आडवं व्हायचं आणि सकाळी उतरायचं, दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या माणसाला नाना तऱ्हेच्या लोकांची जेवणं एका शहरात चाखायची असतील, तर अंतरावरून काही ठरत नाही. मग ठरतं ते नात्यांवर. मावशी डोंबिवलीला असली की मुंबई, मुलगा आयटीत असला की बंगळूर. शिवाय सीमाभागातल्या आपल्या मराठी घरांना बंगळूर म्हणजे सरकारी कामाचं गाव वाटतं. तिथं हौसेनं खायला जायचं हे पटकन मनात येत नाही. माझं म्हणणं असं, की या एका बाबतीत तरी फक्त ताटाकडे बघावं.

ताटाकडे बघताना एक चाळणी लावा. जे आपल्याला घराजवळ मिळतं, त्याच्यावर तिथली एक वेळ खर्चू नका. आपला भाग याबाबतीत श्रीमंत आहे. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा शेजारी, गोवा-कारवारचा मासा आपल्या बाजारात, उडुपी हॉटेल जवळजवळ प्रत्येक चौकात, ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं तर घरातच. ही चाळणी लावली की दोन्ही शहरांच्या नावाजलेल्या ठिकाणांतली बरीच गळतात. मुंबईतली मालवणी थाळी आणि मिसळ गळते. बंगळुरातलं जोळद रोट्टीचं, म्हणजे ज्वारीच्या भाकरीचं, उत्तर कर्नाटकी जेवण गळतं. माटुंग्याचं कॅफे मद्रास १९४० पासूनचं आहे, तिथला रस्सम-वडा खरोखर चांगला असतो, पण दोनच दिवस हातात असलेल्या बेळगावकराला मी ते आधी सांगणार नाही.

उरतं ते मोलाचं आहे, आणि त्यात ही दोन शहरं एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

मुंबईची खासियत जुन्या वस्त्यांत आहे. व्यापाराला आलेले, फाळणीत घर सोडून आलेले, गिरणीला आणि गोदीला लागलेले लोक आपापल्या गल्लीत राहिले आणि त्यांचं रांधणं तिथंच मुरलं. धोबी तलावावर मेट्रो सिनेमाजवळ कयानी १९०४ पासून आहे. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. सकाळी बनमस्का, अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची मसालेदार अंडा भुर्जी, आणि मावा केक. इराणी आणि पारशी हे दोन्ही बहुतांशी जरथुष्ट्री, पण पारशी कित्येक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला उतरले, आणि इराणी हॉटेलवाले एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आले. हा फरक ताटात लगेच कळतो. इराण्याकडे पाव, चहा, केक. पारशी जेवणात गोड-आंबट-तिखटाचा मेळ, गुजरातचा आणि इराणचा दोन्हींचा हात. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियामध्ये (१९२३) बेरी पुलाव खा. त्यातली आंबट लाल बेरी इराणची. आपल्याकडच्या कुठल्याच भाताशी त्याची तुलना होत नाही, आणि मुंबईत एकच गोष्ट खायची म्हणालात तर मी हेच नाव घेईन. मात्र ते दुपारचं हॉटेल आहे, रात्री जाऊन उपयोग नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी बोहरी मोहल्ला आणि महंमद अली रोड. सँडहर्स्ट रोड किंवा मशीद स्टेशनवर उतरून चालत जा. याच भागातल्या भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे, जुन्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून गल्ली शोधू नका, तिथल्या दुकानदाराला विचारा. बारा हंडीचा प्रकार आवर्जून बघावा असा: जमिनीत बसवलेल्या हंड्यांतून रात्रभर मंद आचेवर पाया, नळी आणि मांसाचे वेगवेगळे भाग शिजतात, आणि खमिरी रोटीबरोबर वाढले जातात. इथं म्हशीचं मांस बऱ्याच ठिकाणी असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारावं, सांगतात. तोंड गोड करायला ताज आइस्क्रीम आहे, हातानं घुसळून केलेलं, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं दुकान. बोहऱ्यांचा खरा थाळ म्हणजे एका मोठ्या ताटाभोवती सगळ्यांनी बसायचं, मिठाच्या चिमटीनं सुरुवात करायची, मग गोड आणि खारं आळीपाळीनं. तो हॉटेलात क्वचित मिळतो. काही घरांतून आधी सांगून ठेवल्यावर करतात. सहा-आठ जणांचा गट असेल तर त्यासाठी खटपट करावीच.

काळबादेवीतली गुजराती-मारवाडी भोजनालयं हा शाकाहाऱ्यांचा मोठा आधार. ठाकर भोजनालय १९४५ चं. भूक ठेवून जा, एवढंच सांगतो.

उत्तरेकडे गुरू तेग बहादूर नगरला, म्हणजे जुन्या सायन कोळीवाड्यात, फाळणीनंतर पंजाबी निर्वासित वसले. कोळीवाडा म्हणून जी तळलेली कोळंबी सगळीकडे मेन्यूत दिसते, तिचं नाव या भागाचं. चेंबूर कॅम्पात आणि उल्हासनगरात सिंधी दाल-पकवान. सिंधी नाश्ता आपल्याकडे सहज मिळत नाही म्हणून चाळणीतून तो पार होतो, पण दोन दिवसांत उल्हासनगरपर्यंत जाणं मला पटत नाही. चेंबूर पुरे.

बंगळूरकडे वळू. तिथं दोन थर आहेत, आणि त्यातला एक आपल्याला फार जवळचा असून बहुतेकांना माहीत नाही.

१६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्या काळापासून मराठा घराणी त्या भागात आहेत, आणि बंगळूरची प्रसिद्ध मिलिटरी हॉटेलं, म्हणजे मटणाची साधी खानावळ, त्यांतली अनेक जुनी मराठा कुटुंबांनी काढलेली आहेत. कॉटनपेटमधलं एस. जी. राव मिलिटरी हॉटेल १९०८ चं. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल तर नावानंच ओळख सांगतं. तिथं द्रोणात वाढलेली दोन्ने बिर्याणी असते. बारीक, सुवासिक जीरगे सांबा तांदूळ, पुदिना-कोथिंबिरीचा हिरवा मसाला, केशर-बिशर काही नाही. सोबत मटण चॉप्स, खिम्याचे गोळे, पायाचं सूप आणि नाचणीचा मुद्दे. नाचणी आपण आंबिलीत खातो, पण हा उकडलेला गोळा जुन्या म्हैसूर प्रांताचा. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. कोल्हापुरी मटणावर वाढलेल्या जिभेला हे आधी सौम्य वाटेल. दुसऱ्या घासापासून हिरव्या मिरचीचा तिखटपणा चढतो. तंजावरच्या मराठ्यांबद्दल आपण अभिमानानं बोलतो. बंगळूरच्या मराठ्यांचं जेवण तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी चाखलंय याची मला खंत वाटते.

दुसरा थर नव्या लोकांचा. शिक्षणाला आणि नोकरीला आलेली ईशान्येची मुलं एजीपुरा, कोरमंगल, कम्मनहळ्ळी भागात राहतात, आणि तिथं नागा स्वयंपाकघरं निघाली आहेत: धुरावलेलं डुकराचं मांस, बांबूचे कोंब, आंबवलेल्या सोयाबीनचं अखुनी. वास उग्र असतो, तयारीनं जा. तिबेटी मोमो-थुकपाही याच भागात, पण त्यासाठी बंगळूर कशाला? मुंडगोडची तिबेटी वसाहत आपल्याला त्याहून जवळ आहे. रेसिडेन्सी रोडवर नागार्जुनासारख्या ठिकाणी केळीच्या पानावर आंध्रचं जेवण: पप्पू म्हणजे डाळ, गोंगुरा म्हणजे अंबाडी, पोडी म्हणजे सुकी चटणी आणि तूप, मागाल तेवढा भात. बिडदीला टोयोटाचा कारखाना आल्यापासून जपानी कुटुंबं शहरात आली आणि त्यांच्यामागे जपानी उपाहारगृहंही. ही महाग आहेत.

आणि सकाळचा नाश्ता? उडुपी चाळणीत गळलं असं मी वर म्हटलं, तरी बसवनगुडीत एक सकाळ द्याच. विद्यार्थी भवन (१९४३) चा जाड, कुरकुरीत मसाला डोसा आणि ब्राह्मिन्स कॉफी बारची इडली, जिच्यासोबत सांबार येतच नाही, फक्त चटणी. रवा इडली जिथली मानली जाते ते एमटीआर (१९२४) लालबागजवळ. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्यावर निभावलेली ती गोष्ट. वार बघून जा: विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, एमटीआर सोमवारी.

मेट्रो आणि मुक्कामाच्या सोयीत बंगळूर स्पष्ट पुढे आहे, निदान खाण्याच्या या फेरीसाठी. मॅजेस्टिकला स्टेशन, बसस्थानक, मेट्रो सगळं एकत्र, आणि गांधीनगरात उतरायला लॉज भरपूर. हिरव्या मार्गावर संपिगे रोड उतरलं की मल्लेश्वरम, नॅशनल कॉलेज उतरलं की बसवनगुडी आणि व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली. मेट्रोपासून लांबच्या वस्त्यांना मात्र रस्त्यावरची गर्दी सोसावी लागते, कम्मनहळ्ळीला संध्याकाळी निघालात तर तासभर धरूनच चाला. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बंगळूर वंदे भारत आहे, पण ती पहाटे सुटून दुपारी पोहोचते, म्हणजे नाश्त्याची वेळ हुकते. रात्रीची गाडी बरी. मुंबईला हुबळी–दादर एक्सप्रेस किंवा बस. तिथं राहण्याचा खर्च जास्त, पण फोर्ट, धोबी तलाव, काळबादेवी, भेंडी बाजार हे सगळं एकमेकांना लागून. एका दिवसात चार समाजांची चूल पायी बघता येते. हे बंगळुरात होत नाही.

भाषेचं म्हणाल तर दोन्हीकडे आपण जिंकतो. आपल्यापैकी बहुतेकांना कामापुरतं कन्नड येतंच. बसवनगुडीत "इन्नू स्वल्प चटणी कोडी", म्हणजे अजून थोडी चटणी द्या, म्हटलं की वाढपी खुशीत वाढतो, आणि हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला जमत नाही.

तर माझा कौल असा. मटण-मासे खाणारे, पायी हिंडायची तयारी असणारे, आणि एकदाच जायचं असेल तर मुंबई. पारशी आणि बोहरी जेवण आपल्या दोनशे किलोमीटरच्या परिघात मला तरी कुठं सापडलेलं नाही, हेच कारण. घरातली शाकाहारी वडीलधारी मंडळी सोबत असतील तर बंगळूर: सकाळी नाश्ता, दुपारी लॉजवर आराम, संध्याकाळी व्ही. व्ही. पुरम. कॉलेजच्या मुलांना घेऊन जाताय तरी बंगळूर, पण मुक्काम कोरमंगलकडे टाका. रमजानात जायचं तर मुंबईच. आपल्या बेळगावच्या दरबार गल्लीतही त्या दिवसांत छान मिळतं आणि बंगळूरच्या मॉस्क रोडवर हलीम चांगला असतो, पण मिनारा मशिदीजवळचे मालपुवे आणि फिरनी यांचा थाट वेगळा. डिसेंबर-जानेवारीत बंगळूर, कारण तेव्हा अवरेकाळू, म्हणजे आपला पावटा, हंगामात असतो आणि व्ही. व्ही. पुरम-बसवनगुडीकडे त्याचा मेळाच भरतो, डोशापासून गोडापर्यंत सगळ्यात पावटा.

मुंबई ठरलीच तर शुक्रवारी सकाळी उतरा. फोर्ट-बॅलार्ड इस्टेटची बरीच हॉटेलं कचेऱ्यांच्या दिवसांवर चालतात, रविवारी बंद सापडू शकतात. शुक्रवारी सकाळी कयानी, दुपारी ब्रिटानिया, मध्ये काही खाऊ नका. भेंडी बाजाराकडे अंधार पडल्यावर जा. शनिवारी सकाळी चेंबूरचं दाल-पकवान, दुपारी काळबादेवीची थाळी, आणि रात्रीच्या गाडीनं परत, तेव्हा जेवायची गरज भासणार नाही.