दुधाळ पाण्याचा वैताग: कोरल डिप काही महिने वापरल्यावर

डिप म्हणजे नवीन कोरल (प्रवाळ) समुद्री टाकीत टाकण्याआधी कीड पाडणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवून काढणं. परवा झोआच्या (एक मऊ कोरल) नवीन कॉलनीवरून दुकानदाराशी वाजलं. "आम्ही डिप करूनच देतो, घरी परत करायची गरज नाही" हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरी डिप केलं, तर झोआ खाणारं न्यूडीब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) निघालं. फोटो पाठवला. ब्लू टिक आली, उत्तर नाही. म्हणून हा रिव्ह्यू आजच लिहितोय.

माझ्या डिपची बाटली वनस्पती तेलांची, इंपोर्टेड, महागडी. काम करते, वाद नाही. पण पाणी इतकं दुधाळ होतं की आत काय चाललंय ते दिसतच नाही! अरे, काय गळून पडतंय ते बघायचं असतं ना? आयोडीनच्या डिपमध्ये पाणी तपकिरी होतं, पण तळ तरी दिसतो. शेवटी जुगाड केला: केमिस्टकडून मोठी सिरिंज आणून डिपमध्येच झोआच्या बुडाशी जोरात फवारे मारायचे आणि नंतर ते पाणी चहाच्या गाळणीतून ओतायचं. कीड गाळणीत सापडते. (ही गाळणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. झोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच.)

आधी दोनच स्टार देणार होतो. नंतर मत बदललं, कारण खरी गोची बाटलीत नाही, अंड्यांत आहे. डिपने अंडी मरत नाहीत. न्यूडीब्रँकची अंडी देठाला, खालच्या बाजूला चिकटलेली असतात, आणि ते स्वतः खाल्लेल्या झोआचाच रंग घेतं, त्यामुळे हिरव्या झोआवर हिरवं दिसतं. एखादा पॉलिप (झोआचं एक फुलासारखं तोंड) उगाच मिटलेला राहिला की संशय घ्या. झोआ खाणारी सनडायल गोगलगाय तर शंखाचं झाकण लावून डिप संपायची वाट बघते. तिला चिमट्यानेच उचलावं लागतं. एप्टेशियालाही (तणासारखं पसरणारं सी ॲनिमोन) डिपचं विशेष काही वाटत नाही. म्हणून मी जुना प्लग (कोरल चिकटवलेली चकती) फेकून देतो आणि फेविक्विक जेलने फ्रॅग (कोरलचा तुकडा) नव्या प्लगवर चिकटवतो.

म्हणजे खरं काम क्वारंटाइन टाकीचं, नवीन कोरल वेगळं ठेवायच्या टाकीचं. स्पंज फिल्टर, हीटर, जुना लाइट, २६ अंश, १.०२५ स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याचा खारटपणा), बास. निदान महिना-दीड महिना तिथेच ठेवायचं आणि दर आठवड्याला पुन्हा डिप, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत सापडतात. माशांना व्हाइट स्पॉट (परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) नको असेल तर ७६ दिवस थांबणारेही आहेत. माझ्यात तेवढा संयम नाही.

स्टोनी, म्हणजे कडक सांगाड्याच्या कोरलबद्दल मला विचारू नका. ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मी झोआ आणि मशरूम कोरलवर खूश आहे.

डिपचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, कोळंबी मरेल. फ्रॅग आधी साध्या खाऱ्या पाण्याच्या दोन डब्यांत विसळा. त्यासाठी टाकीचं पाणी बदलताना काढलेलंच वापरायचं, समुद्री टाकीचं मीठ महाग आहे.

तीन स्टार. मोठी बाटली घ्यायचीच असेल तर दोघातिघांत वाटून घ्या, एकट्याची संपता संपत नाही.