जुन्या स्पॅनिश गिटारसाठी दाणेदार सरस, १९२ ग्रॅम ताकदीचा

सुटत आलेला ब्रिज (तारा बांधतात तो लाकडी तुकडा), आतून खुळखुळणाऱ्या पंख्याच्या पट्ट्या (वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या), उकललेली मागची फळी: या तिन्ही कामांना हा सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला, गरम लावायचा गोंद, पाचपैकी पाच. १९२ हे पाकिटाचं वजन नव्हे, जेली किती घट्ट जमते त्याचं माप. २५१ चाही मिळतो, पण तो इतक्या लवकर गोठतो की क्लॅम्प आवळेपर्यंत सांधा वाया गेलेला असतो.

आधी जुना सांधा कशाने जोडलाय ते तपासा. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कोमट पाण्याचा थेंब टेकवा. बोटाला चिकट लागलं तर सरस. पांढुरकं, रबरासारखं झालं तर फेव्हिकॉलच्या जातीचा गोंद, म्हणजे आधीच कुणीतरी दुरुस्ती केलेली. तो कोऱ्या लाकडापर्यंत खरवडावाच लागतो, कारण त्याच्या थरावर सरस धरत नाही. जुन्या सरसावर मात्र नवा विरघळून एकजीव होतो. शिवाय सहा तारांची ओढ जवळजवळ ४० किलो. तेवढ्या ताणाखाली पांढरा गोंद उन्हाळ्यात हळूहळू सरकतो, सरस सरकत नाही.

२० ग्रॅम दाण्यांना ४० ग्रॅम थंड पाणी, तास-दोन तास भिजवण. मग काचेची बाटली गरम पाण्यात ठेवून ६० ते ६३ अंश. थर्मामीटर लागतोच, ७० च्या वर गेला की ताकद उतरते. ब्रशवरून सलग धार पडली की जमला. उरलेला फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, पण दर वेळी तापवल्यावर थोडा कमजोर होतो. आंबूस वास आला तर फेकून द्या, पाकीट काही संपत नाही.

ब्रिज बसवताना हाताशी जेमतेम एक मिनिट असतं. म्हणून क्लॅम्प आणि आतल्या पट्ट्यांना खाचा दिलेला ठोकळा आधी कोरडा लावून बघा आणि ब्रिज हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. ब्रिजचा तळ वरच्या फळीच्या फुगवट्याला तंतोतंत बसला पाहिजे. फट सरसाने भरून निघत नाही. बाहेर आलेला सरस जेली झाल्यावर लाकडी पात्याने उचला. ओलं गरम फडकं फिरवलंत तर फ्रेंच पॉलिशवर (लाखेच्या पॉलिशवर) पांढरा डाग पडेल, आणि तो काढणं ब्रिजपेक्षा जास्त किचकट. क्लॅम्प २४ तास. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात ४८.

सुटलेल्या पट्टीखाली कागदाचा कपटा कुठवर जातो ते आरशात बघा. तिथे सिरिंजने सरस सोडून कपटा मागेपुढे करा, मग खालून टेकू द्या. तडा असेल तर आधी गिटार काही दिवस ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. बरेच तडे आपोआप मिटतात, मग पातळ सरस पुरतो.

तयार बाटलीतला द्रव सरस सावकाश जमतो, त्यामुळे कडांना सोयीचा. ब्रिजला नको. घेताना तारीख पाहा, जुना झालेला नीट वाळतच नाही.

तारा उंच असतील आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) आधीच तळाला टेकलं असेल, तर मात्र हे पाकीट घेऊन उपयोग नाही. स्पॅनिश पद्धतीत बाजूच्या फळ्या मानेच्या टाचेतल्या खाचांत बसवलेल्या असतात, त्यामुळे मान सोडवून तिचा कोन बदलता येत नाही. तिथे फिंगरबोर्डच (मानेवरची, तारा दाबायची फळी) रंधून उतरता करावा लागतो, म्हणजे सगळे फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नव्याने.