ओआरएसचे पाकीट, झिंकच्या गोळ्या आणि उकड्या तांदळाची पेज

2025 च्या जुलैत, फोंड्यात पाऊस कोसळत असताना, माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीला जुलाब लागले. औषधांच्या एका दुकानात ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पूड, मागितले, तर हातात संत्र्याच्या चवीच्या गोड पेयाचा खोका आला. इतकी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनाई केली, हे फार बरे झाले.

खोका परत करून मी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे 20.5 ग्रॅमचे पाकीट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या झिंकच्या गोळ्या घेतल्या. पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून शोषले जाते, म्हणूनच पाणी बरोबर एक लिटर मोजून घ्यावे लागते. पेल्याच्या अंदाजाने घेऊन चालत नाही. मुलगी पहिल्यांदा ओकली तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजले, आणि या वेळी ते पोटात टिकले. मात्र एवढ्या लहान जिवाला दिवसात लिटरभर लागले नाही. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यावे लागले. घरात 200 मिलिलिटरची लहान पाकिटे ठेवणे अधिक सोयीचे.

झिंकची गोळी चमचाभर पाण्यात लगेच विरघळते, पण तिची धातूसारखी चव मुलीला मुळीच आवडली नाही. डॉक्टरांनी रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस सांगितले होते आणि पट्टीत गोळ्या दहाच होत्या. चौथ्या दिवशी जुलाब थांबले की अनेक घरांत गोळ्याही थांबतात. दहाची पट्टी त्याला हातभारच लावते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मला मिळालेल्या पाकिटावर बाळाला जेवू घालत राहण्याविषयी एक अक्षरही नव्हते. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, “पोटाला जरा विसावा दे गो.” परंतु ओआरएसने शरीरातले पाणी भरून निघते, भूक भागत नाही. अंगावरचे दूध मी नेहमीपेक्षा अधिक वेळा दिले. नुसती पेजेची निवळ न देता उकड्या तांदळाची शिते बोटांनी कुस्करून, त्यात मुगाची डाळ आणि चमचाभर खोबरेल घालून दर तीन तासांनी भरवले. पहिल्या दिवशी जेमतेम चार घास गेले; तिसऱ्या दिवशी तिने वाटी स्वतःकडे ओढली. बरी झाल्यावरही दोन आठवडे रोज एक जेवण जास्त दिले.

शौचात रक्त दिसले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा मूल पिईनासे झाले, तर घरी न थांबता रुग्णालय गाठायला हवे. पाकीट मी पुन्हा घेईनच. त्यावर पेजेसाठी मराठीतली आणि कोकणीतली एक-एक ओळ मात्र छापली जावी.